कट्ट्यावर न येणाऱ्यांसाठी कट्टा: नाशिकच्या कॉलनीत ज्येष्ठांचा गट कसा उभा करावा

नाशकात सकाळी कुठल्याही जॉगिंग ट्रॅकवर गेलं की वयस्कर माणसं भरपूर दिसतात. हास्य क्लबाचे हात वर जात असतात, बाकावर पेपरची पानं वाटून वाचली जातात, कोणी गंगेवरून, म्हणजे आपल्या गोदावरीवरून, दर्शन घेऊन परतलेलं असतं. हे बघून वाटतं, आपल्या गावात ज्येष्ठांचं बरं चाललंय. पण ट्रॅकवरची माणसं घराबाहेर पडू शकतात म्हणून आपल्याला दिसतात. लिफ्ट नसलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर गुडघे धरून बसलेल्या काकू दिसत नाहीत. कमी ऐकू येतं म्हणून चारचौघांत जाणं टाळणारे अण्णा दिसत नाहीत. धुळ्या-जळगावकडचं घर बंद करून पाथर्डी फाट्याला मुलाच्या फ्लॅटमध्ये आलेल्या आणि दिवसभर अहिराणीत एक शब्द बोलायला न मिळणाऱ्या आजीही दिसत नाहीत.

गट काढायचा तर या न दिसणाऱ्यांना धरून काढायचा, एवढंच माझं सांगणं आहे. पुढची प्रत्येक पायरी त्यातूनच आली आहे. जे स्वतःहून येतात त्यांना जागा आणि चहा मिळाला की त्यांचं चालतं. मेहनत लागते ती न येणाऱ्यांसाठी.

ही नुसती करमणुकीची गोष्ट नाही. जगात दर सहा माणसांमागे एकाला एकाकीपणा ग्रासतो आणि दरवर्षी सुमारे ८ लाख ७१ हजार मृत्यूंशी त्याचा संबंध आहे, असं जागतिक आरोग्य संघटनेने जून २०२५ मधल्या अहवालात म्हटलं आहे. हृदयविकार, पक्षाघात, मधुमेह, स्मरणशक्ती कमी होणं, नैराश्य या सगळ्यांचा धोका त्याने वाढतो. आपण रक्तदाबाची गोळी चुकू देत नाही, मग बोलायला माणूस नसण्याकडेही तितक्याच गंभीरपणे बघायला हवं.

तुमच्या भागात आधीच ज्येष्ठ नागरिक संघ असेल तर दुसरा काढू नका. त्याचे सभासद व्हा आणि खालची कामं त्यात सुरू करा. नाशकातले जुने संघ चांगले रुजलेले आहेत, त्यांच्याकडे जागा आहे, ओळखी आहेत. कमी पडतात ते घरोघर जाणारे पाय.

आधी यादी, मग बैठक

बहुतेक जण बॅनर लावून उद्घाटन करतात आणि मग माणसं शोधतात. उलट करा. पहिले तीन-चार आठवडे बैठक घेऊच नका. दोघं-तिघं मिळून एक छोटा भाग ठरवा. सगळं इंदिरानगर किंवा सगळं सिडको डोक्यावर घ्यायचं नाही. चालत दहा मिनिटांत पार होतील एवढ्याच गल्ल्या घ्या. साठीच्या पुढचा माणूस त्याहून लांब रोज येत नाही.

यादी कोणाकडून मिळते? सोसायटीच्या चेअरमनकडून थोडी मिळते. जास्त मिळते ती दूधवाल्याकडून, मेडिकलवाल्याकडून, वॉचमनकडून, भाजीच्या गाडीवाल्या ताईंकडून आणि घरकाम करणाऱ्या मावशींकडून. कोणाची मुलं पुण्याला किंवा परदेशात आहेत, कोण गेल्या दिवाळीपासून खाली उतरलं नाही, कोणाचा नवरा नुकताच गेला, हे मावशींना अचूक ठाऊक असतं. त्यांना आपण काय करतोय ते नीट सांगा आणि मदत मागा.

वहीत प्रत्येकासाठी एक पान ठेवा: नाव, साधारण वय, कितवा मजला, लिफ्ट आहे का, ऐकू-दिसायला कसं, घरात आणखी कोण, अडचणीत कोणाला फोन करायचा, आणि पूर्वी काय काम करत होते. ही शेवटची नोंद सोडू नका. नाशिकरोडला नोटांच्या किंवा सिक्युरिटी प्रेसमधून निवृत्त झालेले, ओझरला विमान कारखान्यात आयुष्य काढलेले, सातपूर-अंबडच्या कंपन्यांत फिटर-टर्नर असलेले, द्राक्षबागा सांभाळलेले, शाळेत शिकवलेले असे कितीतरी लोक आपल्या गल्लीत असतात. पुढे त्यांना बोलावताना हीच नोंद कामी येते. ही वही कोणालाही दाखवायची नाही, तिचे फोटो ग्रुपवर टाकायचे नाहीत. एकटं राहणाऱ्यांची यादी चुकीच्या हातात पडणं धोक्याचं आहे.

दारावर जाणं

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. सूचना चिकटवून आणि व्हॉट्सॲपवर निरोप टाकून तेच येतील जे तसेही आले असते. बाकीच्यांच्या दारावर जावं लागतं, तेही एकदा जाऊन भागत नाही.

दोघांनी जा, त्यात एक बाई असू द्या. आदल्या दिवशी ओळखीच्या शेजाऱ्याकडून निरोप द्या, कारण अनोळखी माणसाला दार उघडू नका असं मुलांनी बजावलेलं असतं आणि ते बरोबरच आहे. पहिल्या भेटीत गटाचा विषय काढलाच पाहिजे असं नाही. बसा, पाणी घ्या, गाव कुठलं ते विचारा. हातात फॉर्म नको.

"या ना कधीतरी कट्ट्यावर" असं म्हटलं तर "हो हो, बघू" एवढंच उत्तर येतं. त्याऐवजी एखादं काम मागा. "आप्पा, आमच्याकडे हिशोब लिहायला कोणी नाही, गुरुवारी अर्धा तास याल का?" "काकू, मार्गशीर्षातल्या गुरुवारची आरती कोणाला पाठ नाही, तुम्ही सांगाल का?" माणूस आपल्यासाठी उठत नाही, पण आपल्यावाचून कोणाचं अडलंय म्हटल्यावर उठतो. गल्लीतले निवृत्त फिटर "मला नाही जमत गप्पाटप्पा" म्हणून दार लावून घेतात आणि बिघडलेला पंखा बघायला मात्र पाना-पक्कड घेऊन हजर होतात.

पहिल्या वेळी घरापासून सोबत घेऊन जा आणि घरापर्यंत परत सोडा. हे फार महत्त्वाचं आहे. अनोळखी घोळक्यात एकट्याने शिरायला तरुणही बिचकतात. चार वेळा सोबत केली की पाचव्या वेळी माणूस आपला आपण निघतो.

कोणी तीनदा नाही म्हणालं तर राग धरू नका आणि नाव खोडूही नका. काहींना घोळका नकोच असतो. त्यांच्यासाठी आठवड्यातून एकदा एकच माणूस घरी जाऊन बसला तरी पुरे आहे. तेही गटाचंच काम आहे आणि वहीत त्याची नोंद हवी.

दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत, ओळख झाल्यावर, तीन गोष्टी सहज बोलण्याच्या ओघात विचारा: सोबतीला कोणी नाही असं किती वेळा वाटतं? आपल्याला वगळलं जातंय असं वाटतं का? सगळ्यांपासून तुटल्यासारखं होतं का? एकाकीपणा मोजण्यासाठी जगभर साधारण हेच तीन प्रश्न वापरतात. ज्यांचं उत्तर "नेहमीच" असेल त्यांच्याकडे फेऱ्या वाढवा.

जागा आणि वेळ

जागा निवडताना पहिला प्रश्न: शौचालय जवळ आहे का? पन्नास वर्षांच्या कार्यकर्त्याला हे सुचत नाही, पण प्रोस्टेटचा त्रास असलेले पुरुष आणि वारंवार जावं लागणाऱ्या बायका याच एका कारणाने घरी राहतात, आणि कारण कधी सांगत नाहीत. दुसरा प्रश्न पायऱ्यांचा. तिसरा, बाकाला पाठ आणि हात टेकायला दांडी आहे का. सपाट कट्ट्यावरून गुडघेदुखीचा माणूस उठू शकत नाही, त्यामुळे हाताच्या चार-सहा प्लॅस्टिकच्या खुर्च्या हव्यातच.

मंदिराचा सभामंडप, सोसायटीचं पार्किंग, महापालिकेचं उद्यान, अभ्यासिका, यातलं जे मिळेल ते चालेल. मात्र एकाच धर्माच्या जागेत कायम भेटलात तर गल्लीतली काही माणसं कधीच येणार नाहीत, हे लक्षात घ्या. महापालिकेचं सभागृह किंवा उद्यानातला कोपरा हवा असेल तर आपल्या विभागीय कार्यालयात लेखी अर्ज करा. नाशिक पूर्व, नाशिक पश्चिम, पंचवटी, नाशिकरोड, नवीन नाशिक आणि सातपूर अशी सहा विभागीय कार्यालयं आहेत. अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या.

वेळ ऋतूप्रमाणे बदला. डिसेंबर-जानेवारीत नाशकातली पहाटेची थंडी दमेकऱ्यांना आणि हृदयरोग्यांना सोसत नाही, तेव्हा सकाळी दहानंतर उन्हात बसा. उन्हाळ्यात संध्याकाळी साडेपाच-सहा. पावसाळ्यात छप्पर हवंच, आणि निसरड्या फरशीवर पायपुसणी. वार मात्र बदलू नका. ठरलेला वार चुकत नाही म्हटल्यावर माणूस त्या दिवसाची वाट बघतो आणि सकाळीच इस्त्रीचे कपडे काढून ठेवतो.

दीड तास कसा घालवायचा

भाषणं कमी. पाहुणा बोलतो आणि चाळीस जण ऐकतात, यात कोणाची कोणाशी ओळख होत नाही. दर भेटीत निम्मा वेळ तरी पाच-सहा जणांच्या गोलात बोलणं व्हावं, आणि गोल दर वेळी बदलावेत, नाहीतर जुने मित्र जुन्या मित्रांनाच चिकटून बसतात. गोलाला विषय द्या: पहिला पगार कशात गेला, लहानपणीचा गंगेचा पूर, शाळेतले मास्तर, आईच्या हातची भाजी. अहिराणीत बोलायचं असेल तर अहिराणीत बोलू द्या. श्रावणात कानबाई या खानदेशी देवीचा उत्सव सिडकोत किती उत्साहाने होतो ते आपण बघतो. ती गाणी पाठ असलेल्या आजींना एका भेटीत मधे बसवा, बाकीचे मागून म्हणतील.

हलका व्यायाम असावा, विशेषतः खुर्चीचा आधार घेऊन एका पायावर उभं राहण्यासारखा तोल सांभाळण्याचा. म्हातारपणी पडण्याची भीती माणसाला घरात कोंडते.

पक्षीय राजकारण आणि जातीपातीचा विषय काढायचा नाही, हे पहिल्याच दिवशी ठरवा आणि अध्यक्षांनी मोडलं तरी टोका.

शहरात आधीच जे आहे ते वापरा. १८४० पासूनचं सार्वजनिक वाचनालय आहे, गंगापूर रोडला कुसुमाग्रज स्मारक आहे, मे महिन्यात गोदाघाटावर वसंत व्याख्यानमाला असते. एकटं जायला कंटाळणारे चौघांच्या सोबतीने जातात. एसटीत ७५ वर्षांपुढे प्रवास मोफत आहे, ६५ ते ७५ पर्यंत निम्मं भाडं, बायकांनाही निम्मं. त्यामुळे वणीची सहल परवडते, आणि सप्तशृंगी गडावर फ्युनिक्युलर ट्रॉली असल्याने गुडघेदुखीवाल्यांनाही देवीपर्यंत जाता येतं.

बायका का मागे राहतात

कट्टा म्हटला की पुरुषांचा, हे आपण गृहीतच धरलंय. बायकांना वाटलं तरी संध्याकाळी नातवंडांची शाळा सुटलेली असते, स्वयंपाक असतो, "आता या वयात कुठे निघालीस" हा सूरही असतो. त्यांच्यासाठी दुपारी तीन ते साडेचार ही वेळ बरी. भजनी मंडळ, संक्रांतीचं हळदीकुंकू, चैत्रातली आंब्याची डाळ यांतून सुरुवात करा, कारण तिथे जायला घरात परवानगी मागावी लागत नाही. पण एक जपा: हळदीकुंकवाला विधवा मागे सरकतात. पहिल्याच वेळी गल्लीतल्या सगळ्यात मोठ्या विधवा आजींच्या हातून वाण द्यायला लावा. कोणाच्या भुवया उंचावल्या तर उंचावू द्या.

पदाधिकाऱ्यांत निम्म्या बायका हव्यात. चहाची जबाबदारी त्यांच्याकडे आणि माईक पुरुषांकडे, अशी वाटणी नको.

ऐकू न येणं, विसरणं

साठीपुढच्या दर चौघांत एकाला तरी रोजच्या व्यवहारात अडेल इतकं कमी ऐकू येतं. असा माणूस हसायच्या जागी हसत नाही, प्रश्नाला भलतंच उत्तर देतो, लोक हसतात आणि तो पुन्हा येत नाही. उपाय साधे आहेत: रस्त्यापासून आणि पंख्याच्या घरघरीपासून लांब बसा, एका वेळी एकानेच बोला, समोर तोंड करून थोडं सावकाश बोला. ओरडू नका, त्याने शब्द आणखी फाटतात. कानाची तपासणी जिल्हा रुग्णालयात होते. ६५ वर्षांवरील, वार्षिक उत्पन्न दोन लाखांच्या आत असलेल्यांना श्रवणयंत्र, चष्मा, काठी अशा साधनांसाठी मुख्यमंत्री वयोश्री योजनेतून एकदा ३ हजार रुपये मिळण्याची तरतूद आहे. अर्ज सध्या कसे घेतात ते नासर्डी पुलाजवळच्या सामाजिक न्याय भवनात विचारा.

स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाला आणलंत तर शेजारी कायम एक ओळखीचा जोडीदार बसवा. "मला ओळखलंत का?" ही परीक्षा घेऊ नका, आपलं नाव आपणच सांगा. त्यांना जे येतं ते करू द्या: शेंगा सोलणं, ओव्या, पत्ते वाटणं. आणि त्या दीड तासात त्यांना सांभाळणाऱ्या सुनेला किंवा नवऱ्याला बाहेर फिरून यायला सांगा. तेही थकलेले असतात.

रोजचा फोन

एकटं राहणाऱ्यांसाठी फोनची साखळी करा. सकाळी आठ ते नऊ यात पहिल्याने दुसऱ्याला, दुसऱ्याने तिसऱ्याला फोन करायचा, असं सात-आठ जणांपर्यंत. शेवटच्याने पहिल्याला केला की साखळी पूर्ण. "उठलात का, चहा झाला का" एवढं बोलणं पुरतं. फोन उचलला गेला नाही तर पंधरा मिनिटांनी पुन्हा. मग जवळच्या शेजाऱ्याला दार वाजवायला सांगायचं. मग किल्लीवाल्याला. किल्ली कोणाकडे आहे हे आधी ठरलेलं आणि घरच्यांना माहीत असलं पाहिजे. एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांची नोंद जवळच्या पोलीस ठाण्यातही करून ठेवा. व्हॉट्सॲपवरचं "शुभ सकाळ" या फोनची जागा घेत नाही. आवाजावरून जे कळतं ते गुलाबाच्या चित्रावरून कळत नाही.

तेराव्यानंतर

जोडीदार गेल्यावर तेरा दिवस घर भरलेलं असतं. चौदाव्या दिवशी मुलगा पुण्याची गाडी पकडतो, मुलगी सासरी जाते, आणि घरात दोन कपांच्या जागी एक कप उरतो. गटाची खरी गरज तेव्हापासून असते. चौदाव्या दिवसापासून महिनाभर रोज संध्याकाळी कोणीतरी जाऊन बसायचं, अशी पाळी लावा. डबा घेऊन जा आणि सोबत जेवा, कारण एकट्यासाठी रांधायला जीव होत नाही आणि बहुतेक पुरुषांना रांधता येतच नाही. गेलेल्या माणसाचं नाव घ्यायला घाबरू नका. "आता विसरा" म्हणू नका. पहिली दिवाळी, वर्षश्राद्ध, लग्नाचा वाढदिवस या तारखा वहीत लिहा आणि त्या दिवशी आवर्जून जा.

झोप, भूक, अंघोळ सगळं सुटलं असेल, जगण्यात अर्थ नाही अशी भाषा असेल, तर एकटं सोडू नका. घरच्यांना कळवा, डॉक्टरांकडे न्या. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालतो आणि त्यावर मराठीत बोलता येतं.

कामाचे दिवस

गप्पांना न येणारे कामाला येतात, म्हणून वर्षातून काही दिवस फक्त कामाचे ठेवा. नोव्हेंबरमध्ये हयातीच्या दाखल्याचा दिवस घ्या. मोबाइलवर चेहरा दाखवून दाखला निघतो, पोस्टमनही घरी येऊन करून देतात. ऐंशीपुढच्या सरकारी पेन्शनरांना ऑक्टोबरपासूनच देता येतो. एक दिवस आयुष्मान वय वंदना कार्डाचा: ७० वर्षांवरील कोणालाही, उत्पन्न कितीही असो, वर्षाला पाच लाखांपर्यंत रुग्णालयातल्या उपचारांचं संरक्षण त्यात आहे. नोंदणीला आधार कार्ड लागतं.

जवळच्या कॉलेजच्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या मुलांना बोलवा. एका मुलाला एक आजी-आजोबा अशी जोडी लावा आणि वर्षभर तीच ठेवा. "डिजिटल अरेस्ट" वगैरे म्हणून पैसे उकळणाऱ्यांविषयी त्यांनीच समजावलं तर लवकर पटतं. फसवणूक झाली तर लाज न बाळगता लगेच १९३० वर फोन करायचा, हे मोठ्या अक्षरांत लिहून फोनशेजारी चिकटवा.

घरातच त्रास असेल तर

हे कट्ट्यावर कोणी मोठ्याने बोलत नाही. अंगावरचे वळ, अचानक बंद झालेला फोन, पेन्शनचं कार्ड सुनेकडे असल्याचा ओझरता उल्लेख, यावरून कळतं. एकांतात विचारा, आणि त्यांच्या संमतीशिवाय मुलाला जाब विचारायला जाऊ नका. आपण निघून येतो, त्यांना तिथेच राहायचं असतं. १४५६७ ही ज्येष्ठांसाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन सकाळी आठ ते रात्री आठ असते. जिवाला धोका असेल तर ११२. २००७ च्या आई-वडील व ज्येष्ठ नागरिक कायद्यानुसार निर्वाहासाठी प्रांताधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो, आणि स्वतः करणं शक्य नसेल तर त्यांनी अधिकार दिलेली व्यक्ती किंवा संस्था तो करू शकते. घर मुलांच्या नावे करण्याआधी बक्षीसपत्रात सांभाळाची अट लिहून घ्या, हे कट्ट्यावर अधूनमधून सांगत राहा.

पैसा आणि नोंदणी

सुरुवातीला दोन्हींची घाई नको. चहापुरती ऐच्छिक वर्गणी, एक वही, दर महिन्याला हिशोब सगळ्यांसमोर वाचायचा. वर्ष-दीड वर्ष नीट चाललं आणि देणग्या घ्यायच्या असतील तर किमान सात जणांनी मिळून संस्था नोंदणी अधिनियम १८६० आणि महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० खाली धर्मादाय कार्यालयात नोंदणी करावी. नंतर दरवर्षी लेखापरीक्षण आणि पदाधिकारी बदलले की ९० दिवसांत बदल अर्ज, हे मागे लागतं. ते निभावणारा माणूस असेल तरच त्यात पडा. अध्यक्ष दर दोन वर्षांनी बदला.

पावसाळा आणि सिंहस्थ

गंगेला पूर आला की पंचवटी आणि जुन्या नाशकातल्या सखल भागात वयस्कर माणसं अडकतात. आता सिंहस्थही तोंडावर आहे, २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये अमृतस्नानं आहेत, आणि रस्ते बंद असताना डायलिसिसला किंवा इंजेक्शनला जायचं कसं हा प्रश्न रामकुंडाच्या आसपास राहणाऱ्यांपुढे येणारच. वहीतल्या प्रत्येक पानावर रोजच्या औषधांची नावं आणि डॉक्टरांचा फोन लिहा, पंधरा दिवसांची औषधं घरात ठेवायला सांगा, आणि कोण कोणाला घेऊन बाहेर पडणार याच्या जोड्या लावा. येत्या पावसाळ्यातच एका रविवारी या जोड्यांनी एकदा प्रत्यक्ष घरापासून मुख्य रस्त्यापर्यंत चालून बघावं. व्हीलचेअर कुठल्या बोळात अडते ते त्याच दिवशी कळेल.